बंदूक नोंदवली, ही आमची चूक झाली काय?

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक,
म्हणजेच प्रत्येक जिल्ह्याच्या शस्त्र छाननी समितीचे सभासद

विषय: निवडणूक आली की शेतीसंरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा करून घेण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

15 ऑक्टोबर 2024 ला दुपारी दिल्लीत विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "गुरुजी, बंदूक घेवन जावा ठाण्यार. सगळ्यांचीच न्हेतत." त्या दिवशी माझं हळवं भात कापून झालं होतं आणि गरवं उभं होतं. लोंबी भरलेली, पिवळी होत आलेली, अजून दहा दिवस उन्हाचे हवे होते. मी बंदूक चादरीत गुंडाळली, वर गोणपाट बांधलं आणि सव्वीस किलोमीटरवरच्या ठाण्यात एसटीने नेऊन दिली. पाचव्या रात्री रानडुकरं आली. सकाळी मेरेवर उभा राहून पाहिलं तर चौदा गुंठ्यांचं भात चटई अंथरल्यासारखं निजलेलं होतं. डुक्कर खातं थोडं, लोळतं फार. खाल्लेल्याचं काही वाटत नाही. लोळलेल्या भाताला मातीचा आणि डुकराचा असा काही वास लागतो की गुरंही तो पेंढा हुंगून सोडून देतात.

शेजारच्या मळ्यातले आबा माझ्यासोबत बघत उभे होते. म्हणाले, "डुकरांका आचारसंहिता लागणा नाय काय ओ गुरुजी?"

हे पत्र एवढ्यावर संपलं असतं, तर मी ते लिहिलंच नसतं. शेतकऱ्याचं नुकसान आपल्याकडे बातमी होत नाही, आणि चौदा गुंठे म्हणजे काही जमीनदारी नव्हे. पण हा आदेश सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने निघतो, म्हणून त्याच सुरक्षिततेबद्दल मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. आमच्या जिल्ह्याचं, तालुक्याचं आणि ठाण्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एक तर ही गोष्ट एका ठाण्याची नाही. दुसरं, बंदूक जमा करून घेणाऱ्या हवालदाराने मला चहा पाजला होता. "गुरुजी, माझ्या हातात काय नाय, वरसून आदेश इलो हा," असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

आधी माझी ओळख. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, 2021 ला निवृत्त झालो. बंदूक एकनळी, बारा बोअरची, काडतुशीची. मूळ परवाना आजोबांच्या नावावर होता, मग वडिलांच्या, आता माझ्या. दस्त्याला एक चीर गेली आहे, तिथे वडिलांनी तांब्याची तार गुंडाळली होती. ती तार अजून आहे. या बंदुकीने मी आजवर एकही जनावर मारलेलं नाही. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि वानराला मारायला माझा हात उठत नाही. आमच्याकडे बंदूक आवाजासाठी असते. मांगरावरून, म्हणजे शेतातल्या खोपीवरून, रात्री एक बार हवेत काढला की कळप पऱ्ह्यापलीकडे, ओढ्याच्या पार जातो आणि निदान त्या रात्रीपुरता परत येत नाही. सुतळी बॉम्ब लावून बघितले, पत्र्याचे डबे वाजवून बघितले, टेंभे पेटवले, मोबाईलवर वाघाच्या डरकाळ्याही लावून झाल्या. डुक्कर हुशार. आठ दिवसांत त्याला कळतं की या आवाजामागे काही नाही.

आता एक गंमत ऐका. 2019 साली लोकसभेला मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेलाही. म्हणजे सरकारने माझ्यावर विश्वास ठेवून मतदान यंत्र, शाई, सीलबंद पाकिटं आणि हजारभर मतदारांची यादी माझ्या ताब्यात दिली. एक रात्र मी त्या यंत्राच्या उशाशी शाळेच्या बाकावर झोपलो. आणि त्याच सरकारला, त्याच निवडणुकीत, माझ्या घरात असलेली एकनळी बंदूक लोकशाहीला धोका वाटत होती. दोन्ही निवडणुकांच्या ड्यूटीचे आदेश आणि बंदूक जमा केल्याच्या पावत्या मी एकाच फाईलीत लावून ठेवल्या आहेत. आदेशावर लिहिलंय, "आपली नियुक्ती आपल्या सचोटीवर विश्वास ठेवून" वगैरे. पावतीवर लिहिलंय, "शांतता व सुव्यवस्था अबाधित राखण्यासाठी". एकाच माणसाबद्दलचे हे दोन कागद आहेत, आणि दोहोंवर शिक्का एकाच जिल्ह्याचा आहे.

कोणी म्हणेल, गुरुजींना बंदुकीचा सोस आहे आणि कायदा ढिला करून हवा आहे. नाही हो. उलट आहे. बंदुकीची नोंद असलीच पाहिजे, परवाना सहज मिळता कामा नये, आणि ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचं नाव, पत्ता, काडतुसांचा हिशेब सरकारदरबारी असलाच पाहिजे, या मताचा मी आहे. या बाबतीत आपला 1959 चा शस्त्र कायदा वाईट नाही. इंग्रजांनी 1878 मध्ये केलेला कायदा हिंदुस्थानी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेण्यासाठीच होता. स्वतंत्र भारताने तो बदलताना एक शहाणपण दाखवलं. कलम 13 वाचा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून उडवायची, बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यायचा, आणि तेवढीने भागणार नाही असं दिसलं तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येईल, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे शेत राखणं हे बंदूक बाळगण्याचं योग्य कारण आहे, हे संसदेने मान्य केलं आहे. कोणा तहसीलदाराने मेहेरबानी म्हणून दिलेली ती सवलत नव्हे.

2019 च्या डिसेंबरात कायदा आणखी कडक झाला. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं, बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, लग्नात-वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. या प्रत्येक दुरुस्तीचं मी शाळेच्या कट्ट्यावर बसून समर्थन केलं. लोक म्हणाले, "गुरुजी, तुमचोच पाय तुमच्याच कुऱ्हाडीर." मी म्हटलं, माझ्याकडे एकच आहे, मला काय भीती?

आता मुद्द्यावर येतो.

निवडणूक आयोगाचं म्हणणं काय आहे, ते आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. आयोगाच्या सूचनांत प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती नेमायला सांगितलं आहे. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस प्रमुख तिच्यात. समितीने परवानाधारकांची एकेकाची छाननी करायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, दंगलीत आणि त्यातही निवडणुकीतल्या दंगलीत गुंतलेले अशांकडे विशेष लक्ष द्यायचं, आणि जिथे गरज दिसेल तिथेच शस्त्र जमा करून घ्यायचं. पावती द्यायची. निकाल लागल्यावर आठवडाभराने शस्त्र लगेच परत करायचं. मुंबई उच्च न्यायालयानेही 2009 मध्ये एका निकालात हेच सांगितलं, की सरसकट आदेश चालणार नाही, प्रत्येकाचा वेगळा विचार झाला पाहिजे.

आमच्याकडे काय होतं? जुन्या फौजदारी संहितेचं कलम 144, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 163, यांचा आधार घेऊन एक छापील आदेश निघतो. ठाण्यात यादी जाते. यादीत पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा असतात, ज्यांना बंदूक उचलवतही नाही. विधवा बाई असते, जिच्या नावावर वारसाहक्काने परवाना आला आहे. दोन वर्षांपूर्वी वारलेला माणूसही असतो. मागच्या खेपेला आमच्या वाडीतल्या एका मयत गृहस्थाला ठाण्यात हजर राहायची नोटीस आली होती. छाननी कुठल्या टेबलावर झाली, कोणी केली, मला आजवर कळलेलं नाही. माझ्याविरुद्ध एकही गुन्हा नाही. सायकलचा दिवा नसल्याबद्दल 1988 साली पाच रुपये दंड भरला होता, तो सोडून.

हा झाला माझा पहिला आक्षेप: छाननीची सूचना कागदावर आहे, आणि अंमल सरसकटीचा आहे.

दुसरा आक्षेप तारखांचा. मुंबईत बसून पंचांग बघणाऱ्याला हे कळणार नाही. 2024 ची लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला लागला. आमच्या मतदारसंघात मतदान 7 मे ला झालं. निकालानंतरचा आठवडा धरला तर बंदूक परत मिळायला 11 जून, आणि प्रत्यक्षात मिळाली 27 जूनला. मार्चचा मध्य ते मेअखेर म्हणजे काजू आणि हापूस. वानरांची टोळी कलमावर बसली की एका सकाळी पेटीभर आंबा चावून टाकते. एक घास घेते आणि फळ खाली सोडते. विधानसभेची संहिता ऑक्टोबराच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. तेव्हा भात. म्हणजे एकाच वर्षात आमची दोन्ही पिकं, बागायत आणि जिरायत, आचारसंहितेखाली गेली. त्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत धरा. लोकशाही आमच्या गावात बारा महिने नांदते, याचा अभिमानच आहे. पण बंदूक घरात किती महिने होती, हे मी एकदा मोजलं आणि परवान्याची फी परत मागावी की काय, असं मनात आलं.

तिसरा आक्षेप बंदुकीच्या हालांचा. 27 जूनला ती ताब्यात घेतली तेव्हा मुद्देमालाच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून आत बघता आलं. भिंतीला ओल आलेली. जप्त केलेल्या मोटारसायकलींचे टायर, दारूचे कॅन, एक फुटका टीव्ही, आणि त्याच्यामागे भिंतीला टेकून आमच्या बंदुका, एकीवर एक, चुलीजवळ लाकडं रचावी तशा. प्रत्येकीला तारेने पुठ्ठा बांधलेला, त्यावर मार्करने नंबर. मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत तिथे तीन महिने राहिलेल्या माझ्या बंदुकीचा घोडा मागे येईना. नळीत डोकावलं तर आतून तांबेरा धरल्यासारखी. खोबरेल तेल, रॉकेल आणि जुनं धोतर यांच्यावर दोन दिवस घालवले तेव्हा चाप चालायला लागला. हे गमतीचं नाही. गंजलेल्या नळीतून काडतूस उडवलं तर नळी फुटून उडवणाराच जायबंदी होऊ शकतो. सुरक्षिततेसाठी नेलेली वस्तू असुरक्षित होऊन परत येते. पावतीवर "बंदूक एक नग" एवढंच असतं, कोणत्या अवस्थेत घेतली त्याची नोंद नाही, त्यामुळे दाद मागायची सोय नाही.

हे तीन आक्षेप माझ्या सोयीगैरसोयीचे आहेत, आणि तेवढ्यासाठी मी सहन केलंही असतं. चौथा तसा नाही, आणि त्याच्यासाठीच हे पत्र.

आमच्या खालच्या वाडीत माझा एक जुना विद्यार्थी आहे. हुशार होता, गणितात विशेष. नाव सांगत नाही. 2024 च्या दिवाळीत तो भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या भाताला डुकरांनी काही केलं नाही वाटतं. तर हसला. म्हणाला, "गुरुजी, परवानो कित्याक होयो? बिनपरवान्याची बंदूक जमा कर म्हणान कोणच सांगणा नाय."

मी त्या रात्री झोपलो नाही. तेहतीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं आणि एका वाक्यात त्याने मला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं चुकीचं आहे हे मला माहीत आहे, पण हिशेब म्हणून ते खोटं पाडता येत नाही. त्याच्याकडे कुठून तरी आलेली ठासणीची बंदूक आहे. तिची नोंद नाही, म्हणून ती यादीत नाही, म्हणून तिच्यासाठी नोटीस नाही, एसटीची फेरी नाही, गंज नाही. पकडला गेला तर तुरुंग, पण पकडणार कोण? निवडणुकीच्या महिन्यात ठाण्याचं निम्मं मनुष्यबळ आमच्या बंदुका मोजण्यात गुंतलेलं असतं.

ज्यांना बिनपरवान्याची बंदूक मिळत नाही किंवा तिची भीती वाटते, ते तारा लावतात. शेताभोवती उघडी तार आणि तिच्यात थेट खांबावरचा वीजप्रवाह. किंवा दुचाकीच्या क्लचच्या वायरीची फासकी. कोकणात बिबटे फासकीत अडकल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचता. तारेत डुकराबरोबर शेजाऱ्याची म्हैस जाते, आणि कधी पहाटे पाणी सोडायला निघालेला माणूसही. आमच्याच पंचक्रोशीत म्हैस गेली. दोन घरांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे. बंदुकीच्या आवाजाने हे काही झालं नसतं.

आता मला सांगा, या आदेशाने गाव सुरक्षित झालं की कमी सुरक्षित झालं? नोंदणी ही एका देवाणघेवाणीवर चालते. मी सरकारला सांगतो की माझ्याकडे बंदूक आहे, कुठे आहे, किती काडतुसं आहेत. बदल्यात सरकार मला संशयिताच्या रांगेत उभं करत नाही. ही देवाणघेवाण एका बाजूने मोडली की नोंदवहीत फक्त भोळे लोक उरतात. मग वही कितीही कडक ठेवा, तिच्यातून गुन्हेगार सापडणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल काढून बघा. बंदुकीने झालेल्या खुनांत परवान्याच्या शस्त्रांचा वाटा वर्षानुवर्षं लहान असतो, बहुतेक खून बिनपरवान्याच्या शस्त्रांनी होतात. 12 ऑक्टोबर 2024 ला, म्हणजे आचारसंहिता लागायच्या तीनच दिवस आधी, वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती पिस्तुलं कुठल्या ठाण्याच्या जमा-यादीत असणार होती? महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या सीमेवर सातपुड्यात उमर्टी गाव आहे, तिथलं गावठी पिस्तूल पुणे-मुंबईपर्यंत पोचतं हे पोलिसांनाच ठाऊक आहे. 2025 च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. वर्तमानपत्रात ते वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना सलाम केला. कायदा कडक म्हणजे असा कडक.

परवान्याच्या बंदुकीने काही वाईट घडतच नाही, असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. 2024 च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, पोलीस निरीक्षकाच्या दालनात, एका आमदाराने गोळीबार केला. सीसीटीव्हीतलं ते दृश्य सगळ्या राज्याने पाहिलं. आठवडाही गेला नव्हता तोच दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा खून झाला, आणि मारेकऱ्याच्या हातातलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर बीड जिल्ह्याचे आकडे बाहेर आले, तिथे बाराशेच्या वर शस्त्रपरवाने होते. कमरेला पिस्तूल लावून रील काढणारे, हवेत गोळ्या झाडणारे लोक टीव्हीवर दिसले. त्यानंतर तिथल्या प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. ही छाननी! ती खून व्हायच्या आधी झाली असती तर किती बरं झालं असतं. आमच्याकडेही, 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकजण सोबत्याच्याच गोळीने मेला. शिकारीच्या नादात असं होतं, आणि त्याला आळा घालायलाच हवा. पण या सगळ्या प्रकरणांत उपयोगी पडणारी गोष्ट एकच दिसते: परवाना कोणाला दिला, का दिला, आणि तो माणूस आज कसा वागतो आहे, हे वेळोवेळी बघणं. दर निवडणुकीला सगळ्यांच्या बंदुका एका ओल्या खोलीत कोंबून ठेवल्याने यातलं काहीही कळत नाही.

बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली, तेव्हा त्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, नोंदणी सक्तीची केली आणि परवाना मागणाऱ्याला सबळ कारण द्यायला लावलं. त्या कारणांत शेती हे कारण मान्य आहे. बंदुकीबद्दल एवढं कडक धोरण घेतानाही त्यांनी शेतकऱ्याला गुंडाच्या ओळीत बसवलं नाही. न्यूझीलंडने 2019 च्या ख्राइस्टचर्च हत्याकांडानंतर कायदे बदलले आणि 2023 पासून प्रत्येक बंदुकीची नवी नोंदवही सुरू केली. कॅनडाने मात्र लांब नळीच्या बंदुकांची नोंदवही 2012 मध्ये मोडीत काढली. त्या वहीच्या खर्चावर आणि गावाकडच्या लोकांच्या रागावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. जवळच बघायचं तर कर्नाटकातला कोडगू. तिथल्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती वैध ठरवली. मला तशी सूट नको. मला परवाना हवा आहे, नोंद हवी आहे. फक्त ती नोंद माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नका.

मागण्या साध्या आहेत. त्यांपैकी बहुतेकांना नवा कायदा लागत नाही, आहे तोच पाळावा लागतो.

छाननी खरोखर करा, आणि निवडणुकीच्या धावपळीत नव्हे, आधी सहा महिने. ज्याचं शस्त्र जमा करून घ्यायचं त्याला कारण लेखी द्या, दोन ओळींचं का होईना. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या आणि गुन्हा नसलेल्या माणसाची बंदूक, ठोस कारण असल्याशिवाय नेऊ नका. गावात खरोखर तणाव असेल तर न्या, आम्ही स्वतः आणून देऊ. तेवढी समज आम्हाला आहे.

जमा करून घेतलीत तर पावतीवर बंदुकीची अवस्था लिहा, आमची सही घ्या, तुमची द्या. कोरड्या खोलीत लाकडी घोड्यांवर उभ्या ठेवा. महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवायला आम्हालाच बोलवा, फुकट येऊ. आणि निकालाच्या आठवड्यानंतर परत करा. आठवडा म्हणजे सात दिवस, हे मी पहिलीत शिकवायचो.

वारसाचे अर्ज मार्गी लावा. बाप वारला की बंदूक ठाण्यात जमा होते, मुलाचा अर्ज पोलीस अहवालासाठी फिरत राहतो आणि मधली तीन-चार वर्षं शेत उघडं. याच काळात माणूस तारेकडे वळतो. अर्जाला तारीख द्या आणि त्या तारखेला हो किंवा नाही सांगा.

ज्यांच्याकडे बापजाद्यांच्या बिननोंदीच्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांना एकदाच, ठरावीक मुदतीत, शिक्षेच्या भीतीशिवाय त्या आणून देण्याची किंवा नोंदवण्याची मुभा मिळावी, यासाठी सरकारकडे शिफारस करा. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी स्वतः हाताला धरून घेऊन येईन. तो आला नाही, तर त्याच्यानंतर माझ्याकडून त्याची कड घेतली जाणार नाही.

आणि एक आकडा दर निवडणुकीनंतर जाहीर करा. जिल्ह्यात परवान्याची किती शस्त्रं जमा करून घेतली आणि बिनपरवान्याची किती पकडली, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी, एका ओळीत. वर्तमानपत्रात पहिला आकडा मोठ्या अक्षरांत येतो, "निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर इतकी शस्त्रे जमा", जणू काही शत्रूची तोफच काबीज केली. दुसरा आकडा शोधायला मला दर वेळी आतलं पान उलटावं लागतं.

माझं पत्र कडक वाटलं असेल तर शिक्षकाची सवय समजा. उत्तर आलं तर गावच्या वाचनालयात लावीन. नाही आलं तर हे पत्रच लावीन.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि दोनदा मतदान केंद्राध्यक्ष

ता. क. : माझ्या परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. नूतनीकरणाचा अर्ज लिहून तयार आहे. फोटो मात्र नवीन काढावे लागतील. मागच्या वेळच्या फोटोत केस काळे आहेत, आणि ठाण्यातल्या नव्या पोरांना तो मीच आहे हे पटत नाही.